बाबांच्या टाचणवहीतली तीन पानं

गोंदिया,
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय ललिताताई,

मी गोंदियात आहे. काल दुपारी आलो, स्टेशनसमोरच्या एका लॉजवर उतरलोय. कामठ्याला यायला अर्धा तास लागतो हे मलाही ठाऊक आहे. सकाळी काळीपिवळीच्या थांब्यापर्यंत गेलो होतो. ड्रायव्हर "कामठा, कामठा, चलो भैया" म्हणून ओरडत होता. एक जागा रिकामी होती, तरी मी बसलो नाही. परत येऊन वही आणि पेन विकत घेतला. तुझ्यासमोर बसून हे बोलायला गेलो असतो तर अर्ध्यावर थांबलो असतो, आणि मग तूच मला पाणी आणून दिलं असतंस. ते मला नको आहे. म्हणून लिहितोय. तुझी दीप्ती उद्या हॉस्टेलवरून घरी येणार आहे, तिच्या हातात हे देईन.

आपलं शेवटचं नीट बोलणं केव्हा झालं ते आठवायचा प्रयत्न केला. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मी "काळजी घे" म्हणतो, आणि संपतं. तू आशा सेविकेचं काम सोडलंस हे मला तुझ्याकडून नाही, दीप्तीकडून कळलं. बारा वर्षं गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद तू केलीस, लसीकरणाच्या दिवशी लेकरं उचलून आणलीस. आणि मग बाया तुझ्या हातात आधार कार्ड द्यायला कचरायला लागल्या. एकीने तोंडावर म्हटलं म्हणे, "तुह्या बाबाचं झालं तसं आमचं नोको व्हायले." तू त्या दिवशी रजिस्टर जमा करून आलीस. हेमेंद्रचं ऑनलाइन अर्ज भरायचं सेवा केंद्रही त्यानंतर चाललं नाही. तो आता रावणवाडीला कुणाच्या तरी दुकानात बसतो असं ऐकलं.

गेले काही दिवस मला तो शाळेतला संगणक सारखा आठवतो. दोन हजार एक साल असेल. पंचायत समितीकडून आलेला तो एकच संगणक, प्लास्टिकचं कव्हर घातलेला. त्याच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली बाबांकडे, कारण ते मुख्याध्यापक. बिघडला तर जाब द्यावा लागेल म्हणून कुणी हात लावायचं नाही. रविवारी शाळा बंद असताना बाबा आपल्या दोघांना घेऊन जायचे, कुलूप उघडायचे, आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे, कुणी येतं का बघत. नियम मोडताना मी त्यांना तेवढंच पाहिलं. तू टायपिंगची परीक्षा दिलेली होतीस, म्हणून पहिल्यांदा तूच बसलीस. माऊस कसा धरायचा हे मला तू दाखवलंस. ही गोष्ट आपण बाहेर कुणाला सांगितली नव्हती, बाबांची नोकरी जाईल या भीतीने. पुढे ते निवृत्त झाले तरी ती आपल्या तिघांतच राहिली.

त्या संगणकापासून मी कुठं कुठं गेलो ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. डिप्लोमा झाल्यावर गोरेलाल चौकातल्या सायबर कॅफेत केबल ओढायचो. मग नागपूरला एका सहकारी बँकेच्या शाखांमध्ये तेच काम. दोन हजार अकरामध्ये त्या बँकेच्या यंत्रणेत बाहेरचं कुणीतरी शिरलं होतं. मी तीन दिवस नोंदी वाचत बसलो आणि ते कुठल्या शाखेच्या कुठल्या संगणकातून आत आलं ते शोधून काढलं. तिथून माझं आयुष्य बदललं. परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं मिळवली, नेटवर्क सुरक्षेचा जाणकार झालो, आणि दोन हजार सतरापासून शिकवायला लागलो. बँकवाल्यांना शिकवलं, कारखानेवाल्यांना शिकवलं, पोलिसांच्या तीन तुकड्यांना शिकवलं. वर्गात उभं राहिलो की लोक लिहून घेतात, ताई. त्याची चटक लागते. आपण म्हणू ते बरोबरच असतं असं वाटायला लागतं.

बाबांनी मला दोनदा विचारलं होतं. एकदा दिवाळीत, अंगणात बसलो असताना: "तू नेमकं काय काम करून राहिला रे बेटा?" मी म्हटलं, कॉम्प्युटरचं आहे बाबा, तुम्हाला नाही समजणार. दुसऱ्यांदा त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हाही मी असंच काहीतरी बोललो. चिचगडच्या जंगलातल्या शाळेत, मराठी न येणाऱ्या लेकरांना त्यांनी नऊ वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांना समजलं नसतं असं जगात फार थोडं होतं. पण मला घाई होती. चौकात कुणी विचारलं तर ते सांगायचे, "लोकेश इंटरनेटचा मास्तर आहे." मला ते ऐकून हसू यायचं.

आता बाबांच्या त्या शेवटच्या तीन दिवसांबद्दल लिहितो. तुला जे माहीत आहे ते आधी, म्हणजे मला जे माहीत आहे ते कुठं जोडायचं ते तुला कळेल. मंगळवार होता, सव्वीस नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. संविधान दिन. बाबा सकाळी पांढरा सदरा घालून शाळेत गेले, लेकरांकडून उद्देशिका म्हणून घेतली, आणि साडेदहाला घरी आले. धानाची कापणी चालू होती, म्हणून तू वावरात होतीस. दुपारी घरी आलीस तेव्हा समोरच्या खोलीचं दार आतून बंद होतं, आणि आत कुणाशी तरी हिंदीत बोलणं चालू होतं. तू हाक मारलीस तर बाबा ओरडले. बुधवारी तू भाकर घेऊन दाराशी उभी राहिलीस तेव्हा ते बाहेर येऊन म्हणाले, "जाय तू वावरात. कायले डोक्यावर उभी राहून राहिली? मले एकटा राहू दे." असं ते तुझ्याशी कधी बोलले नव्हते. तू रागाने गेलीस, आणि गुरुवारीही न बोलता निघून गेलीस. दुपारी एक वाजता परत आलीस तेव्हा दार लोटलेलं होतं. बाबा खुर्चीत होते, तोच सदरा, मान छातीवर. समोर टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन चालू होता, आणि त्यातून कुणीतरी म्हणत होतं, "सीधे बैठिए, मास्टरजी. कैमरे में देखिए." तू फोन उचललास तेव्हा त्या माणसाने तुला पाहिलं आणि फोन बंद केला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तीन दिवस पोटात जवळजवळ काही नव्हतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतलेल्या नव्हत्या, कारण त्या मधल्या खोलीत होत्या आणि विचारल्याशिवाय कॅमेऱ्यासमोरून हलायची परवानगी नव्हती. खात्यातलं जे गेलं त्याबद्दल मी लिहीत नाही, तूही त्याचं कधी काही बोलली नाहीस.

मग पुण्यानुमोदनाचा, बाबांना श्रद्धांजली वाहायचा दिवस. विहारात अख्खं गाव होतं. कुणीतरी उठून विचारलं की गुरुजींची एवढी माहिती त्या चोरांना मिळाली कशी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला उत्तर द्यायची सवय आहे. मी उभा राहिलो. दोनच आठवड्यांपूर्वी तू हेमेंद्रच्या केंद्रावर जाऊन बाबांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला ऑनलाइन भरला होतास, हे तू मला आदल्या रात्री रडत सांगितलं होतंस. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणालो, माहिती तिथूनच फुटली, अशा उघड्या केंद्रांवर वडिलांचा नंबर, पेन्शन, सगळं देऊन येणं म्हणजे चोराला घर दाखवणं, ताईला मी कितीदा सांगितलं होतं. तपासणी काहीच केली नव्हती. एकही नोंद पाहिली नव्हती. बँकेच्या चोरीसाठी मी तीन दिवस नोंदी वाचल्या होत्या. बाबांसाठी तीन मिनिटंही नाही. तू भिंतीला टेकून बसली होतीस. पदर डोक्यावरून पुढे ओढलास, एवढंच. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, कारण यातलं कळणारा घरात मीच होतो.

गेल्या मार्चमध्ये इथल्या सायबर शाखेच्या तपास अधिकारी मॅडमनी मला बोलावलं. बाबांच्या टेबलावरून त्यांनी जे जप्त केलं होतं, त्यात त्यांची टाचणवही होती. शाळेत असताना उद्याच्या पाठाचं टाचण काढायचे, तशीच ती, आखून घेतलेली: वेळ, मुद्दा, शेरा. तो फोन चालू असताना बाबांनी तीन दिवसांची नोंद ठेवली होती, दिवसाला एक पान. फोनवरच्या लोकांनी हरकत घेतली नसावी. जबाब लिहून घेतोय असं त्यांना वाटलं असेल. मॅडमनी मला त्या पानांच्या प्रती दिल्या आणि म्हणाल्या, सर, तुम्ही यातले तज्ज्ञ आहात, काही धागा सापडतो का बघा. त्या प्रती अकरा महिने माझ्या कपाटात आहेत. तुला मी सांगितलं की वहीत विशेष काही नाही.

पहिल्या पानावर असं आहे. ११.०५ ला फोन, मुंबई पोलीस म्हणून. लोकेशवर गुन्हा, त्याने शिकवलेल्या लोकांनी बँका लुटल्या, तो आमच्या ताब्यात आहे. त्यापुढे बाबांच्या अक्षरात: "विश्वास ठेवला नाही. पुरावा मागितला." मग त्या माणसाने त्यांना काय सांगितलं ते लिहिलंय. तुमचा मुलगा कबूल झाला आहे, त्याने लहानपणापासूनचं सगळं सांगितलंय, रविवारी शाळेच्या संगणक खोलीचं कुलूप तुम्हीच उघडून द्यायचात हेही सांगितलंय, म्हणजे सुरुवात तुमच्यापासून आहे. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलंय: "ही गोष्ट आम्हां तिघांनाच ठाऊक. लोकेशनेच सांगितली असणार. म्हणजे तो खरोखर त्यांच्याकडे आहे."

ताई, हयातीच्या दाखल्यात कुलपाची गोष्ट नसते. ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती, आणि लिहिणारा मी. दोन हजार तेवीसमध्ये आमच्या संस्थेने प्रत्येक शिक्षकाची माहिती संकेतस्थळावर टाकली. शिक्षण, अनुभव, प्रमाणपत्रं, कुठं कुठं शिकवलं. जाहिरात बघणारी बाई म्हणाली, सर, थोडं घरचंही लिहा, लोकांना आवडतं. मी इंग्रजीत छान परिच्छेद लिहिला. माझे पहिले गुरू माझे वडील, ताराचंद गुरुजी, कामठ्याच्या जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आजही गावीच, आशा सेविका असलेल्या माझ्या बहिणीसोबत राहतात. आणि मग रविवार, कुलूप, दाराशी बसलेले बाबा. मला ते लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. किती जणांनी कौतुक केलं! आणि प्रत्येक वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मीच फळ्यावर लिहायचो की घरच्या माणसांची नावं कुठंही टाकू नका. त्याच पानाच्या तळाशी माझे पुढचे कार्यक्रम असायचे. २६ ते २८ नोव्हेंबर, बँक अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा. सकाळी दहा ते पाच.

म्हणून ते बाबांना म्हणू शकले की लावून बघा मुलाला फोन, तो उचलणार नाही. बाबांनी लावला. ११.४०, आणि पुन्हा ११.४२. मी वर्गात होतो, दोन्ही वेळा कापला. काय शिकवत होतो ते तू ओळखशील. अशाच फसवणुकीबद्दल, पोलीस बनून लोकांना फोनवर डांबून ठेवणाऱ्यांबद्दल. संध्याकाळी सहाला मी उलट फोन केला, तो त्यांनी घेतला. तो त्यांना घेऊ दिला गेला, कारण पलीकडे मी कोठडीतून बोलतोय असंच त्यांना वाटणार होतं. बाबा एवढंच म्हणाले: "घाबरू नोको बेटा. मी आहे. मी सगळं बरोबर करतो." आणि ठेवला. मला वाटलं, कापणीचं काहीतरी असेल. मी हसलो आणि बँकवाल्यांबरोबर चहा प्यायला गेलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणालो, किरकोळ बोलणं झालं.

दुसरं पान बुधवारचं. वर लिहिलंय: "ललिताला वावरात पाठवले. मुद्दाम कठोर बोललो. ती खोलीत दिसली तर तिचेही नाव गुन्ह्यात घेणार म्हणतात." हे वाक्य तू दहादा वाच. मी तुझ्यापासून लपवलेल्या सगळ्यांत हेच मला सर्वांत जास्त बोचतं. चौदा महिने तुला वाटत राहिलं की बाबा तुझ्यावर रागावून गेले.

त्याच पानावर खाली, दुपारी ३.१५ ला, त्यांनी त्या माणसाला एक प्रश्न विचारला आहे. "मी विचारले: माझा मुलगा नेमके काय काम करतो ते मला समजावून सांगा. म्हणजे त्यात गुन्हा कुठे ते कळेल." आणि त्या माणसाने सांगितलं, ताई. संकेतस्थळावरच्या त्याच माझ्या पानावरून वाचून, हिंदीत, समजेल असं सांगितलं. बाबांनी नऊ ओळी लिहून घेतल्या आहेत. बँकेतला एक संगणक दुसऱ्याला निरोप पाठवतो. वाटेत कुणी निरोप उघडू नये, खोटा निरोप घालू नये, यासाठी पहारा लागतो. लोकेश तो पहारा लावतो, आणि इतरांना लावायला शिकवतो. शेऱ्यात: "समजले. चांगले काम आहे. यात गुन्हा दिसत नाही, असे मी त्यांना सांगितले." मी वीस वर्षांत जे सांगितलं नाही ते चोराने पाव तासात सांगितलं. आणि बाबा त्याच्याशी माझ्या बाजूने भांडले.

तिसऱ्या पानावर फक्त दोन नोंदी आहेत. सकाळी ९.३०: "माझा जबाब तयार. कुलूप मी उघडले. मुलांचा दोष नाही. शिक्षा मला व्हावी." मग १२ वाजता: "उलटतपासणी सुरू." पुढचा रकाना कोरा.

मी काय केलं? घरी गेलो आणि संस्थेच्या संकेतस्थळावरून तो परिच्छेद काढून टाकला. कुणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून बाबांची गोष्ट वर्गात सांगायला लागलो, नाव न घेता, एका खेड्यातले निवृत्त शिक्षक म्हणून. आणि त्यातही माहिती सेवा केंद्रातूनच फुटली असं सांगत राहिलो. खरं ठाऊक असताना. लोक तेही लिहून घ्यायचे. गेल्या सोमवारी चंद्रपूरच्या एका बँकेतली मुलगी, दामिनी नाव तिचं, हात वर करून म्हणाली, सर, पण पेन्शनच्या फॉर्ममध्ये मुलाच्या कामाची माहिती कुठं असते? मी खडू खाली ठेवला. पुढचा तास घेता आला नाही. संस्थेला राजीनामा पाठवलाय. त्याने कुणाचं काही भरून येणार नाही, तेही कळतं.

मंगळवारी दीप्तीचा फोन आला. येत्या बुधवारी गोंदियाच्या न्यायालयात तुझी साक्ष आहे. ज्याच्या खात्यातून सगळं फिरलं तो एक माणूस पकडलाय, बाकीचे कुठल्या देशात आहेत तेही कुणाला ठाऊक नाही. दीप्ती म्हणाली, मामा, आई रोज तिच्या जबानीची प्रत घेऊन बसते, त्यात लिहिलंय की माहिती माझ्याच निष्काळजीपणामुळे गेली, आणि ती म्हणते हे मी न्यायाधीशांसमोर सांगणार, लपवणार नाही. मी त्यासाठी इथं आलोय. आज सकाळी सायबर शाखेत जाऊन मॅडमकडे माझा पुरवणी जबाब दिला, संकेतस्थळाच्या त्या पानाच्या जुन्या प्रतीसह. रविवारी कामठ्याला येऊन विहारात सगळ्यांसमोर हेच सांगेन, आणि त्याआधी रावणवाडीला हेमेंद्रकडे जाईन. तू मला घरात घेशील का, हे मी विचारत नाही. वहीच्या तिन्ही पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, त्या तुझ्या आहेत. बुधवारी तुला विचारतील, तेव्हा जबानीतलं ते वाक्य चुकीचं आहे म्हणून सांग. ते तुझं नव्हतंच, ताई. ते तुला मी शिकवलं होतं.

तुझाच, भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
लोकेश